पैसे आले, मुदत अजून बाकी आहे

मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की ऑनलाइन विक्री करणाऱ्याला व्यवहार संपला असे वाटते. दुकानात ते खरेही असते. गिऱ्हाईक पिशवी घेऊन पायरी उतरले की सहसा परत येत नाही. कार्डाने किंवा पेपालने घेतलेल्या पैशांचे तसे नाही. पेपालवर तक्रार नोंदवायला गिऱ्हाइकाला पैसे भरल्यापासून १८० दिवस मिळतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक कारणांसाठी १२० दिवसांची मुदत आहे. एट्सीवर अपेक्षित डिलिव्हरीच्या तारखेपासून १०० दिवस, ईबेवर ३०. म्हणजे दसऱ्याला विकलेल्या वस्तूचे पैसे पाडव्याची गुढी उतरवून झाल्यावरही परत मागितले जाऊ शकतात. तोवर ते पैसे चामड्यात, सुतात, कारागिराच्या मजुरीत आणि मुलांच्या फीमध्ये कधीच गेलेले असतात.

हा लेख अशा छोट्या विक्रेत्यांसाठी आहे: कोल्हापुरी चपला, पैठण्या, वारली चित्रे, गोधड्या परदेशी पाठवणारे, किंवा इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेऊन पेमेंट लिंक धाडणारे. ॲमेझॉन किंवा मीशोवर देशातल्या देशात विकणाऱ्यांचे दुखणे वेगळे आहे. तिथे मुदत आठवडा-दहा दिवसांचीच असते, त्रास होतो तो आरटीओचा, म्हणजे गिऱ्हाइकाने न घेता परत आलेल्या पार्सलांचा, आणि बदललेल्या मालाचा. त्याबद्दल इथे फारसे बोलणार नाही.

मुळात एवढी लांब मुदत आली कुठून? पेपालवर २०१४ पर्यंत ती ४५ दिवस होती, मग चौपट झाली. त्यामागे अगदीच अन्याय आहे असेही नाही. परदेशातून मागवलेले पार्सल दीड-दोन महिने वाटेत असू शकते. नाताळची भेट ऑक्टोबरात विकत घेतली जाते आणि डिसेंबरच्या अखेरीस उघडली जाते. शिवाय ओहायोत बसलेली बाई कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या अनोळखी माणसाला ऐंशी डॉलर आगाऊ देते, ती त्या माणसावर विश्वास ठेवून नव्हे. पैसे परत मिळतील हा भरवसा तिला आधी असतो. ही सोय नसती तर आपल्यातल्या कित्येकांना पहिली परदेशी ऑर्डरच मिळाली नसती. तरी माझे मत स्पष्ट आहे. ‘माल मिळालाच नाही’ या तक्रारीला लांब मुदत असणे समजू शकते. ‘माल वर्णनासारखा नाही’ हे सांगायला मात्र सहा महिने लागत नाहीत. चप्पल पायात घातल्यावर दोन दिवसांत कळते. सहा महिन्यांनी येणारी तक्रार बहुतेकदा वापराची असते, वर्णनाची नसते. पण हे नियम आपण केलेले नाहीत आणि आपल्याला विचारून बदलणारही नाहीत. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत, पैशाची शिस्त आणि कागदाची शिस्त.

एक जोड आणि तीन जोड

आधी पैशाचे पाहू. समजा, एक कापशी चप्पल ६,५०० रुपयांना अमेरिकेत विकली. चामडे आणि मजुरी २,६०० रुपये, टपालखर्च १,७००, डबा-पॅकिंग १५०, पैसे घेण्याची फी आणि इतर कपात ४५०. खर्च ४,९०० रुपये, हातात उरले १,६००. पाच महिन्यांनी डिस्प्यूट पडला आणि निकाल गिऱ्हाइकाच्या बाजूने गेला, तर पूर्ण ६,५०० रुपये परत जातात. चप्पल परत येईलच असे नाही, आणि आलीच तरी ती वापरलेली असते. पेपालने कापलेली फीसुद्धा परत मिळत नाही. खिशातून गेलेले ४,९०० रुपये भरून काढायला असे आणखी तीनेक जोड विकावे लागतात, तेही फुकट राबून. एका केसची किंमत एक जोड नाही, ती तीन जोड आहे. मोठ्या कंपनीला ही रक्कम टक्केवारीत दिसते, ताळेबंदात एका ओळीत मावते. घरातून चालणाऱ्या धंद्यात तोच आकडा महिन्याचे वीजबिल असतो.

त्यामुळे मुदत संपेपर्यंत विक्रीला उधारी समजा. वाण्याच्या वहीत उधारी जमेच्या बाजूला नसते, तसे हे पैसे बँकेत दिसत असले तरी मनात वेगळ्या रकान्यात ठेवायचे. सगळे अडकवून ठेवा असे म्हणत नाही, तसे केले तर धंदाच बंद पडेल. हिशेब असा करा. दरमहा ८०,००० रुपयांची विक्री असेल, तर कोणत्याही दिवशी मागच्या सहा महिन्यांचे ४,८०,००० रुपये मुदतीच्या आत असतात. गेल्या वर्षी तुमच्या शंभर ऑर्डरपैकी किती परत द्याव्या लागल्या, ते वहीतून काढा. दोन असतील तर ४,८०,००० चे दोन टक्के, म्हणजे ९,६०० रुपये. त्यात तुमच्या एका सर्वांत महागड्या ऑर्डरची रक्कम मिळवा, कारण संकट येते ते नेमके महागड्या ऑर्डरवर. एवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाका आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड घरीच ठेवा. दिवाळी आणि नाताळच्या हंगामानंतर ती वाढवा, कारण त्या विक्रीवरच्या तक्रारी फेब्रुवारी-मार्चमध्ये उगवतात. नेमक्या त्याच वेळी विक्री थंडावलेली असते.

भारतातल्या विक्रेत्याला आणखी एक अडचण आहे. पेपालमध्ये आलेले पैसे इथे आपोआप बँक खात्यात वळते होतात, त्यामुळे पेपालवर शिल्लक जवळपास नसतेच. निकाल विरोधात गेला की खाते उणे होते आणि पुढच्या ऑर्डरचे पैसे आधी तो खड्डा भरतात. नव्या ऑर्डरचा माल तुम्ही पाठवता, पैसे मात्र जुन्या गिऱ्हाइकाला जातात. वेगळे काढलेले पैसे उपयोगी पडतात ते इथेच.

तक्रारींचे प्रमाण वाढले तर मुदतीचा चटका दुसऱ्या बाजूनेही बसतो. व्यासपीठे विक्रेत्याचे पैसे होल्डवर ठेवतात. पेपाल खात्यावर निर्बंध आले तर शिल्लक १८० दिवसांपर्यंत अडकू शकते. २०२३ च्या उन्हाळ्यात एट्सीने ब्रिटनमधल्या अनेक छोट्या विक्रेत्यांच्या कमाईतला ७५ टक्के हिस्सा ४५ दिवस राखून ठेवला होता. बरीच ओरड झाल्यावर कंपनीला ते प्रमाण खाली आणावे लागले. सगळी विक्री एकाच व्यासपीठावरून करू नका, असे जे सांगितले जाते त्याचे खरे कारण हे आहे.

पुरावा तक्रारीआधी गोळा होतो

आता कागदाचे. डिस्प्यूट आला की विक्रेते धावाधाव करतात, पण तोवर पुरावा मेलेला असतो. अनेक कुरियर कंपन्यांच्या संकेतस्थळावरची ट्रॅकिंगची नोंद तीन-चार महिन्यांनी निघून जाते. तक्रारीची मुदत सहा महिन्यांची आणि पोच दाखवणारी नोंद चार महिन्यांची, या दोहोंमधल्या खिंडीत किती तरी खरे विक्रेते हरतात. त्याहून साधी गोष्ट काउंटरवर मिळणाऱ्या पावतीची. ती बहुतेक थर्मल कागदावर असते आणि काही महिन्यांत फिकी पडू लागते. पाकिटात, उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली तर त्याहून लवकर.

म्हणून पावती हातात पडली की तिथेच, काउंटरवर उभे राहून तिचा फोटो घ्या. पार्सल ‘डिलिव्हर्ड’ दिसले त्याच दिवशी ट्रॅकिंगच्या पानाची पीडीएफ काढून ठेवा, गाव आणि पिनकोड दिसेल अशी. पॅकिंग करताना वस्तू, चिकटवलेला पत्ता आणि वजनकाटा एका सलग व्हिडिओत घ्या. टपालाच्या पावतीवर वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. ‘डबा रिकामा निघाला’ या तक्रारीला पावतीवरचे ८४० ग्रॅम हे जेवढे ठणठणीत उत्तर आहे, तेवढे कुठलेही पत्र नाही. हे सगळे ऑर्डर क्रमांकाच्या नावाने एका फोल्डरमध्ये टाका आणि निदान वर्षभर हात लावू नका. व्हॉट्सॲपवरचे संभाषण पुरावा म्हणून चालते, पण फोन बदलला की गेले. त्याचा बॅकअप घ्या, नाहीतर गिऱ्हाइकाशी महत्त्वाचे बोलणे व्यासपीठाच्या मेसेजमध्येच करा.

ट्रॅकिंग नसलेले साधे पाकीट स्वस्त पडते म्हणून परदेशी पाठवू नका. ‘माल मिळाला नाही’ असे कोणी म्हणाले तर तुमच्याकडे काहीच उरत नाही. पेपालच्या विक्रेता संरक्षणात ७५० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेला नुसते ट्रॅकिंग पुरत नाही, घेणाऱ्याच्या सहीची पोच लागते. पैठणी विकणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, कारण चांगली हातमागाची पैठणी सहज तिथपर्यंत जाते. टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. तिथून पार्सल पाठवले की निर्यातीचा पीबीई (पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट) हा कागद तयार होतो. त्याची प्रत जपून ठेवा, तो पुढे परत आलेल्या मालासाठीही लागतो.

आपल्याकडे हमखास घडणारा एक प्रकार मुद्दाम सांगतो. न्यू जर्सीतली ताई पेपालने पैसे भरते आणि मेसेजमध्ये लिहिते, ‘साडी नाशिकला वहिनीच्या पत्त्यावर पाठवा, तिचं डोहाळजेवण आहे.’ माणूस ओळखीचा, कारण आनंदाचे, आपण पाठवून मोकळे होतो. पण संरक्षणाची अट अशी आहे की माल व्यवहाराच्या पानावर दिसणाऱ्या पत्त्यावरच गेला पाहिजे. नाशिकला पोचल्याची सही असूनही उपयोग शून्य. अशा वेळी पैसे परत करून, नाशिकचा पत्ता घालून पुन्हा भरायला सांगा. ताईला दोन मिनिटे लागतात. ‘माझा भाऊ येऊन घेऊन जाईल’ हाही त्याचाच जुळा प्रकार आहे. पैसे ऑनलाइन आणि माल हातात, म्हणजे ट्रॅकिंग नाही. असा व्यवहार आलाच तर भावाकडूनच पैसे घ्या, पेपाल मध्ये नको.

गिऱ्हाईक आपल्या बँकेमार्फत कार्डाचे पैसे परत मागते, त्याला चार्जबॅक म्हणतात; त्यांपैकी काही निव्वळ गोंधळातून येतात. इन्स्टाग्रामवर तुमच्या दुकानाचे नाव एक, पेमेंट गेटवेवर नोंदलेले नाव दुसरेच, बहुधा मालकाचे किंवा सासऱ्यांच्या जुन्या फर्मचे. दोन महिन्यांनी नवरा बायकोच्या कार्डाचे स्टेटमेंट वाचतो, ते नाव ओळखीचे वाटत नाही आणि बँकेला फोन करतो. गेटवेच्या सेटिंगमध्ये स्टेटमेंटवर दिसणारे नाव बदलता येत असेल तर दुकानाचेच नाव घाला. बदलत नसेल तर पैसे मिळाल्याच्या मेसेजमध्येच लिहा, ‘तुमच्या स्टेटमेंटवर अमुक नाव दिसेल.’

वर्णन लिहिताना विक्रेत्याचा हात आखडता असतो, सगळे काम फोटोवर सोपवलेले असते. इथे थोडा वेळ घालवा. कोल्हापुरी पायताणाचा कर्रकर्र आवाज आपल्याकडे मुद्दाम काढून घेतात, पण परदेशी गिऱ्हाइकाला तो दोष वाटू शकतो. वनस्पतिजन्य रंगणीचे चामडे भिजले की डाग पडतो, पहिले काही दिवस चप्पल कडक लागते, मग पायाला बसते. हे सगळे विक्रीच्या पानावर लिहून ठेवा. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये तशाच चपला दिसल्याने तिची जगभर चर्चा झाली. त्यामुळे ती कधी पायात न घातलेले लोकही आता विचारपूस करतात. त्यांना ‘अस्सल’ या विशेषणाने काही कळत नाही, तळवा सेंटिमीटरमध्ये सांगा. पैठणीचा रंग दिवसाच्या उजेडात काढलेल्या फोटोत दाखवा आणि हातमागाच्या विणीतले बारीक फरक जवळून दाखवा. ‘वर्णनासारखा नाही’ या केसमध्ये निकाल देणारा माणूस फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवतो, तुमचे पान आणि गिऱ्हाइकाचा फोटो. तुमची पिढीजात कारागिरी त्याला दिसत नाही.

केस पडल्यावर

पहिले काम, तारीख पाहणे. पेपालवर डिस्प्यूटचे क्लेममध्ये रूपांतर झाले, म्हणजे निकाल पेपालकडे गेला, की उत्तराला साधारण १० दिवस मिळतात, उत्तर नाही दिले तर हरलात. एट्सीवर गिऱ्हाइकाने मदत मागितल्यावर ४८ तासांत प्रश्न मिटला नाही तर त्याला केस उघडता येते. गेटवेची चार्जबॅकची ईमेल बहुतेकदा जाहिरातींच्या गठ्ठ्यात जाते, म्हणून त्या पत्त्याला फोनवर वेगळी घंटी लावा. लग्नाच्या हंगामात गावाला जाणार असाल तर हे पाहण्याचे काम घरातल्या कोणावर तरी सोपवून जा.

उत्तर थोडक्यात, तारखांसह, रागाशिवाय. ‘१२ ऑक्टोबरला पाठवले, २६ ऑक्टोबरला पोचले, पोच सोबत जोडली आहे, वर्णनातला उतारा जोडला आहे.’ बस. कारागिरांच्या हालअपेष्टा, गिऱ्हाइकाचा खोटेपणा, देवाची शपथ, यातले काही नको. परतफेड करायची ठरवली तर त्याच व्यवहारातून करा. बाहेरून बँकेत पैसे पाठवले आणि केस उघडीच राहिली तर दोनदा पैसे जातात. गिऱ्हाईक ‘मी केस मागे घेतो, आधी पैसे पाठवा’ म्हणत असेल, तरी रस्ता तोच.

प्रत्येक केस लढू नका. परदेशातून माल परत मागवायचा खर्च अनेकदा वस्तूइतकाच होतो, वर कस्टम्स कर मागते. आपलाच माल परत येतोय हे दाखवायला तिथे पीबीईची प्रत लागते. हजार-दीड हजाराच्या वस्तूवर अर्धी रक्कम देऊन मिटवणे बहुतेक वेळा शहाणपणाचे. मात्र ‘मिळाले नाही’ ही तक्रार आणि हातात पोच असेल, तर रक्कम कितीही लहान असो, लढा. हरलेल्या केसेस तुमच्या खात्यावरच्या तक्रारींच्या प्रमाणात मोजल्या जातात आणि होल्डची वेळ त्यातूनच येते. एट्सीवर २०२२ पासून २५० डॉलरपर्यंतच्या ऑर्डरना विक्रेता संरक्षण आहे. वेळेत पाठवलेल्या आणि ट्रॅकिंग असलेल्या ऑर्डरची परतफेड त्यात एट्सी स्वतः सोसते. बऱ्याच जणांना ही सोय माहीतच नसते.

उशीर झाला तर आधी आपण लिहायचे. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने लहान पार्सलांची करसवलत काढली, भारतीय टपालाने तिकडची पार्सले थांबवली आणि १५ ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू केली. अशा वेळी गिऱ्हाइकाला तिसऱ्या दिवशी ‘पार्सल अडकले आहे, कारण हे, पैसे हवे असतील तर परत करतो’ असे कळवले तर त्याला केस टाकायचे कारण उरत नाही. ‘येईल, थांबा’ म्हणत मुदत संपवण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती करू नका. नैतिकता बाजूला ठेवली तरी १८० दिवस कोणाला गप्प बसवता येत नाही.

देशातल्या विक्रीबद्दल दोनच गोष्टी. यूपीआयवर नावडत्या मालासाठी कार्डासारखा चार्जबॅक नसतो, हा दिलासा खरा. पण ‘नो रिटर्न, नो रिफंड’ अशी पाटी लावून सुटका होत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. ग्राहक आयोगाकडे जायला तर गिऱ्हाइकाला दोन वर्षे आहेत. युरोपात विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथे कारण न सांगता माल परत करायला १४ दिवस मिळतात. मापावर शिवलेल्या किंवा नाव विणलेल्या वस्तूला यातून सूट आहे, दोषाला नाही.

जीएसटी नोंदणी असेल तर परत दिलेल्या पैशांची क्रेडिट नोट काढा. ऑक्टोबरच्या विक्रीची परतफेड एप्रिलमध्ये झाली की आर्थिक वर्ष बदललेले असते. क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखवायची मुदत पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते, आणि वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर तिथेच संपते. सीएला हे जुलैत सांगा, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नको.